पार्श्वभूमी : मॅन्युअल्स विकीवर गेली, कलमांचे क्रमांक मागे राहिले

फ्रेममेकर हे जाडजूड तांत्रिक मॅन्युअल्स रचायचं सॉफ्टवेअर, ऐंशीच्या दशकातलं. १९९५ साली ते मूळ कंपनीसकट ॲडोबीकडे गेलं आणि त्याच वर्षी जगातली पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच ब्राउझरमधून पानं लिहिता-बदलता येतील अशी वेबसाइट, सुरू झाली. दोघांची गाठ पडायला पुढे बरीच वर्षं गेली. नागपूरपुरतं बोलायचं तर हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांची मॅन्युअल्स २००० नंतरच्या दशकात फ्रेममेकरमध्ये बसली, आणि ती तिथे छान बसली होती. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, वर सगळ्यांना बांधणारी बुक फाइल, आपोआप पडणारे क्रमांक. मधे एक कलम घातलं की पुढचे सगळे क्रमांक आणि त्यांचे संदर्भ बुक अपडेट करताच सरकत. डबल रोलर जिनच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, दोन मॉडेलांसाठी मजकूर एकच असे. एकाच मॉडेलला लागू असलेल्या ओळींना कंडिशनल टॅग लावलेला असे; तो दाखवायचा किंवा लपवायचा, की दोन वेगळ्या पीडीएफ तयार.

विकीवर हलवताना मराठी पानांची कथा मात्र वेगळी. फ्रेममेकरला युनिकोड, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांची सामाईक अक्षरसंहिता, आलं ते २००७ साली, आठव्या आवृत्तीत. तोवर कामगारांसाठीच्या मराठी सूचना बहुधा पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत. असा मजकूर उचलून विकीत टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर लावला तर अक्षरं परत मिळतात, पण पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटते आणि रफार एक घर सरकतो. फिरत्या रोलरजवळ हात नेऊ नका, हे सांगणाऱ्या ओळीत अशी चूक चालत नाही. ती पानं पुन्हा टाइप करणं हाच खरा उपाय, आणि वेळापत्रक आखताना नेमका तोच धरला जात नाही.

खरा वाद झाला तो पानं तोडण्यावरून. मॅन्युअल्स जिथे गेली ते कॉन्फ्लुएन्स, कंपन्यांसाठीचं विकी सॉफ्टवेअर, २००४ साली आलं. त्याच्या एका स्पेसमध्ये, म्हणजे पानांच्या एका गटात, एकाच नावाची दोन पानं राहू शकत नसत. मॅन्युअलमध्ये तर ‘सावधगिरी’, ‘आवश्यक हत्यारं’, ‘जोडणी’ ही शीर्षकं दर प्रकरणात येतात. नेहमीचा रस्ता असा : फ्रेममेकरमधून वर्डमध्ये, वर्डमधून विकीत, आणि आयात करताना हेडिंगनुसार पानं तोडायची. त्याच वेळी पर्याय विचारला जातो, त्याच नावाचं पान आधीच असेल तर नव्याला वेगळं नाव द्यायचं की जुन्याच्या जागी नवं बसवायचं? प्रकरणामागून प्रकरण आयात करताना दुसरा पर्याय निवडला, की तिसऱ्या प्रकरणाची ‘सावधगिरी’ दुसऱ्या प्रकरणाच्या सावधगिरीवर बसते. जुना मजकूर पानाच्या इतिहासात शाबूत असतो, पण तिथे डोकावणार कोण?

शीर्षकाआधी कलम क्रमांक ठेवला असता तर हा घोळ झालाच नसता. तरीही बहुतेक ठिकाणी क्रमांक काढून टाकण्याचा निर्णय झाला. युक्तिवाद असा, की विकीत शोध आहे, क्रमांक हवेतच कशाला? शिवाय मधे नवं पान आलं की पुढचे सगळे क्रमांक हाताने बदलावे लागतील. दुसरा मुद्दा खरा आहे. पहिला मात्र कार्यालयात बसून केलेला आहे. कापसाच्या हंगामात यवतमाळकडच्या जिनिंगमधला फिटर फोन करतो तेव्हा त्याच्या हाती छापील प्रत असते. त्याला ‘४.३.२ काढा’ म्हटलं की दोघं एकाच ओळीवर येतात. ‘नाइफ’ (जिनचं पातं) शोधा म्हटलं, तर फिक्स्ड नाइफची पानं वेगळी, मूव्हिंग नाइफची वेगळी, आणि तोवर मशीन बंद. क्रमांक हा शोधाला पर्याय म्हणून कधी नव्हताच. तो दोन माणसांमधला पत्ता होता. निर्णय घेणाऱ्या बैठकांमध्ये सर्व्हिस विभागाला बोलावलं असतं, तर हे पाच मिनिटांत कळलं असतं.

कंडिशनल मजकुराचंही तेच झालं. सामाईक भाग एकदाच लिहून ठिकठिकाणी ओढून आणण्याची सोय विकीत होती, पण ती वापरायची तर आधी मजकूर नीट फोडावा लागतो. तेवढा वेळ कुणाला मिळाला नाही. दोन मॉडेलांची दोन पानं झाली आणि हळूहळू ती एकमेकांशी जुळेनाशी झाली.

२०११ मध्ये कॉन्फ्लुएन्सच्या चौथ्या आवृत्तीने विकी मार्कअपमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातल्या खुणा वापरून, पान संपादित करण्याची सोय काढून टाकली आणि साठवणीसाठी एक्सएमएलवर आधारलेला साचा आणला. नव्याने लिहिणाऱ्यांना बरं वाटलं. फ्रेममेकरच्या मिफ (मजकूररूपातल्या) फाइलींमधून थेट मार्कअप काढणाऱ्या स्क्रिप्टा ज्यांनी मेहनतीने रचल्या होत्या, त्यांना मात्र त्या नव्याने लिहाव्या लागल्या.

१५ फेब्रुवारी २०२४ ला कॉन्फ्लुएन्सच्या, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या साध्या आवृत्तीला कंपनीकडून मिळणारा आधार थांबला. क्लाउडवर जा, महागडी डेटा सेंटर आवृत्ती घ्या, नाहीतर मीडियाविकीसारख्या मुक्त प्रणालीकडे वळा, असे तीन रस्ते तेव्हा उरले. या दुसऱ्या स्थलांतरात जुन्या फ्रेममेकर फाइली पुन्हा उघडल्या जात आहेत, कारण कोणतं पान मुळात कोणत्या कलमातलं, हे फक्त त्यांतच दिसतं. काही ठिकाणी सर्व्हिस विभागाच्या आग्रहाखातर जुने क्रमांक शीर्षकात परतलेही आहेत. स्थलांतरानंतर लिहिलेल्या पानांना कोणते क्रमांक द्यायचे, हे अजून ठरलेलं नाही.