नेतृत्वविकासाचा खर्च कोणाच्या बिलात? कॅलिफोर्नियातील एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील दूरध्वनी मक्तेदारीचे विभाजन 1 जानेवारी 1984 रोजी अमलात आले आणि 22 स्थानिक कंपन्या सात प्रादेशिक समूहांत वाटल्या गेल्या. त्या स्थानिक कंपन्यांपैकी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक बेल या कंपनीने पुढे हाती घेतलेल्या नेतृत्वविकास कार्यक्रमाचा उल्लेख आजही होतो, तो बहुतेक वेळा थट्टेच्या सुरात. खरा वाद मात्र त्याचा खर्च ग्राहकांनी सोसावा की भागधारकांनी, हा होता.

या कंपनीला ‘पूर्वाश्रमीची सार्वजनिक सेवा’ म्हणताना थोडे जपावे लागते. मराठीत ‘सार्वजनिक’ म्हटले की सरकारी मालकी डोळ्यांसमोर येते. ही कंपनी मात्र मुळातच खासगी भांडवलाची होती. सार्वजनिक होते ते तिचे दायित्व आणि राज्याच्या दरनियंत्रण आयोगाने ठरवून दिलेले तिचे दर. विभाजनानंतरही स्थानिक सेवेवरील हे दरनियंत्रण कायम राहिले, आणि वादाचे मूळ तिथेच आहे.

विभाजनापूर्वीच्या मूळ समूहात जोडणीपासून दुरुस्तीपर्यंत प्रत्येक कामाची क्रमांकित लेखी कार्यपद्धती असे. बढती पायरीपायरीने मिळे आणि नोकरी बहुधा निवृत्तीपर्यंत टिके. स्पर्धेच्या बाजारात ही शिस्त अपुरी पडेल, असे व्यवस्थापनाला वाटले, आणि ते वाटणे गैर नव्हते. त्यासाठी निवडलेला सल्लागार साबण-डिटर्जंट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यांत काम करून नावारूपाला आलेला होता; त्याच्या मांडणीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका गूढवादी गुरूच्या विचारांची छाया असल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी दाखवून दिले. साठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना दोन-दोन दिवसांच्या सत्रांतून नेण्याची योजना होती. त्या सत्रांत ‘परस्परक्रिया’सारख्या शब्दाची व्याख्या इतकी लांबलचक असे की वाक्य संपेपर्यंत आरंभ विसरावा. कर्मचाऱ्यांनी सल्लागाराच्या आडनावावरून एक क्रियापदच पाडले आणि ते वृत्तपत्रांतही रुळले. ही भाषा न बोलणारा तो बदलाला विरोध करणारा, असा शिक्का बसतो, ही त्यांची तक्रार भाषेच्या बोजडपणापेक्षा गंभीर होती.

1987 मध्ये तक्रारी राज्याच्या या आयोगापर्यंत पोचल्या. येथे बहुतेकांचे लक्ष गूढवादाकडे वळले; प्रश्न मात्र हिशेबाचा होता. नियंत्रित कंपनीचा वाजवी कामकाजी खर्च दरांत धरला जातो, म्हणजे अखेरीस तो ग्राहकाच्या मासिक बिलातून वसूल होतो. तो वाजवी ठरला नाही, तर भागधारकांनी सोसायचा असतो. तारा टाकण्याचे प्रशिक्षण पहिल्या सदरात बसते, याबद्दल दुमत नव्हते. मनोवृत्ती बदलण्याच्या प्रशिक्षणाचे काय? कंपनीच्या मते, स्पर्धेला सज्ज कर्मचारी हा ग्राहकाचाच लाभ होता. ग्राहकांची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की, स्पर्धेतून येणारा नफा भागधारकांच्या खिशात जाणार असेल, तर तिच्या तयारीचा भार दुसरी कंपनी निवडण्याची सोयच नसलेल्या घरगुती ग्राहकावर का टाकावा? हा युक्तिवाद अधिक भक्कम होता. सत्रे सुबोध आणि लोकप्रिय असती, तरीही तो तितकाच लागू पडला असता. कंपनीने त्याच वर्षी कार्यक्रम स्थगित केला, आणि त्यामुळे वाद मिटल्याचा समज पसरला.

दुसरा धागा, म्हणजे गूढवादाचा आणि कर्मचाऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न, मात्र पुढे सरकला. फेब्रुवारी 1988 मध्ये रोजगारातील भेदभाव हाताळणाऱ्या केंद्रीय आयोगाने अशा प्रशिक्षणांविषयी धोरण जाहीर केले. त्याचा आधार 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा होता. एखाद्या कर्मचाऱ्याने धार्मिक श्रद्धेच्या कारणावरून हरकत घेतली, तर मालकाने, कामकाजावर अवाजवी ताण पडत नसेल तोवर, त्याला सवलत द्यावी, असे त्यात म्हटले होते. प्रशिक्षणात धार्मिक काही नाही, हे मालकाचे स्वतःचे मत सवलतीच्या प्रश्नात गैरलागू ठरवण्यात आले. बिलात काय धरावे, याबद्दल त्या धोरणात काही असण्याचे कारण नव्हते; तो निर्णय राज्यांच्या दरसुनावण्यांकडेच राहिला.