कंडक्टर आणि कॉन्सर्टमास्टर: नेतृत्वाच्या धड्यांतली जुनी गल्लत

नेतृत्वावरचं व्याख्यान म्हटलं की वाद्यवृंदाचा दाखला ठरलेला, आणि त्यात नेता म्हणजे कंडक्टर, वादकांसमोर उभा राहून हाताच्या खुणांनी त्यांना चालवणारा, हेही ठरलेलं. लगेच पुढचा उपदेश येतो: नेत्याने स्वतः पुढे होऊन काम करून दाखवावं. इथे मला राहवत नाही. कंडक्टर मैफलीत एकही सूर वाजवत नाही. वाजवून दाखवतो तो कॉन्सर्टमास्टर.

कंडक्टर सगळ्यांच्या ओळखीचा. कॉन्सर्टमास्टर त्याच्या डाव्या हाताला, पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसतो. ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर सगळ्यांची वाद्यं जुळवून घेतो, व्हायोलिनचे एकल तुकडे वाजवतो, गज कुठे वर आणि कुठे खाली ओढायचा ते ठरवतो. टाळ्या आधी कुणाला, हस्तांदोलन कुणाशी, हा नुसता शिष्टाचार. त्यातून धडे काढण्यात अर्थ नाही.

खरा फरक ऐकण्यात आहे. कॉन्सर्टमास्टरच्या हनुवटीखालीच व्हायोलिन असतं, त्यामुळे स्वतःचा आवाज त्याला सर्वांत जवळून ऐकू येतो. त्याचा अधिकारही त्यातूनच येतो: मागच्या रांगा त्याचा गज पाहून वाजवतात. पण शेवटच्या ओळीतली तुतारी फार मोठी वाजतेय का, हे तिथून नीट कळत नाही. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मंचावरचं 15 मीटर अंतर कापायला त्याला साधारण 44 मिलिसेकंद लागतात. दूरचं नुसतं ऐकून वाजवणारा मागेच पडणार. म्हणून कंडक्टरचा हात आवाजाच्या आधी हलतो. ठोक्यापूर्वी तो वर जातो तेव्हाच लय आणि जोर वादकांना कळलेले असतात. हातात वाद्य नसल्यामुळे त्याचे कान सगळ्यांसाठी मोकळे असतात.

1824 साली व्हिएन्नात बीथोव्हेनची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा तो स्वतः मंचावर उभा राहून हातवारे करत होता. पण त्याला ऐकू येत नव्हतं. वादकांना त्याच्याऐवजी कंडक्टर उम्लाउफकडे पाहायला सांगितलेलं होतं, आणि व्हायोलिनचं नेतृत्व शुपान्झिककडे होतं.

बहुतेक गटप्रमुखांच्या हातात स्वतःचं काम असतं, म्हणजे ते कॉन्सर्टमास्टर. त्यांना कंडक्टर व्हायला शिकवणं मला सरळसरळ चूक वाटतं; त्यांचा गज स्वच्छ चालला की मागची रांग आपोआप सावरते. याउलट ज्याच्यावर सगळ्या गटाची जबाबदारी आहे, त्याने सर्वांत अवघड तुकडा स्वतःकडे ठेवू नये. तो वाजवत असताना बाकीच्यांचं ऐकणार कोण?

यावर हमखास न्यूयॉर्कच्या ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्राचं नाव पुढे केलं जातं. 1972 मध्ये सुरू झालेला हा वाद्यवृंद कंडक्टरशिवाय वाजवतो, कॉन्सर्टमास्टरची खुर्चीही रचनेगणिक बदलते. मात्र तालमीत त्यांच्यातलाच एखादा वादक वाद्य सोडून सभागृहात जातो आणि तिथून सगळ्यांचा तोल ऐकतो.