बातिकेचा रवा रात्रभर काय करतो?

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या पुष्कळ घरांत रात्री एक पातेलं झाकून बाजूला ठेवलेलं असतं. आत बातिकेचं, म्हणजे रवा आणि नारळाच्या गोवेकरी केकचं, मिश्रण असतं. जाडसर रवा, खवलेला ओला नारळ, साखर, बटर, अंडी, चवीला वेलची किंवा गुलाबपाणी. कुणी हिला बाथ म्हणतं. सकाळी ती ओव्हनमध्ये जाते आणि दुपारपर्यंत तिचे काप दोदोल, कुलकुल आणि नेवऱ्यांच्या सोबतीला ताटात बसून शेजाऱ्यांकडे निघतात.

बेकिंग शिकून आलेल्या माणसाला ही रात्रीची मुदत खटकते. बातिका यीस्टवर फुगत नाही, बेकिंग पावडरवर आणि अंड्यांवर फुगते. अशा झटपट भाजायच्या गोड पावांचा नियम ठरलेला आहे: कालवलं की लगेच भट्टीत. पाणी लागलं की वायू सुटायला लागतो आणि सुटलेला वायू कुणासाठी थांबत नाही. मग ही रात्रभराची वाट कशासाठी? आमच्या शेजारच्या आंटीला विचारलं तर तिचं उत्तर तीन शब्दांचं असतं, ‘रवो भिजूंक जाय’ (रवा भिजायला हवा). उत्तर बरोबर आहे, फक्त त्यात भौतिकशास्त्राचं एक अख्खं प्रकरण दडलेलं आहे.

मैद्याचे बहुतेक कण 0.2 मिलिमीटरच्या आतले असतात. जाड रव्याचा कण सहज अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा. पाणी कणाच्या पृष्ठभागावरून आत झिरपतं आणि झिरपायला लागणारा वेळ कणाच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे कण चौपट मोठा असेल तर वेळ चौपट नव्हे, सुमारे सोळापट. मैदा मिनिटांत भिजतो त्याचं आणि रवा तासन्‌तास हटून बसतो त्याचं मुख्य कारण हेच.

बातिकेत तर रव्याची आणखी कोंडी होते. उपम्यात त्याला उकळतं पाणी मिळतं, इथे पाणी वेगळं घालतच नाहीत किंवा फार थोडं घालतात. जे मिळायचं ते अंड्यांतून (अंड्यात 75 टक्क्यांच्या आसपास पाणी), ओल्या नारळातून (निम्म्याच्या आसपास) आणि बटरमधून (साधारण 16 टक्के). त्या पाण्यावर पहिला हक्क साखर सांगते, कारण विरघळताना ती पाण्याच्या रेणूंना धरून ठेवते. शिवाय रव्याच्या कणांवर बटरचा थर चढलेला असतो आणि त्यातून पाणी सहज जात नाही. अशा परिस्थितीत रव्याला सहा-आठ तास लागले तर त्यात त्याचा दोष नाही.

न भिजलेला रवा भट्टीत गेला तर काय होतं? भाजताना पिठूळ पदार्थ मऊ होतो तो त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो म्हणून. गव्हाचा स्टार्च नुसत्या पाण्यात 60 अंश सेल्सिअसच्या आसपास फुगतो. भरपूर साखर असेल तर हे तापमान कितीतरी वर सरकतं. आता कणाच्या गाभ्यापर्यंत पाणीच पोचलेलं नसेल तर कितीही उष्णता देऊन उपयोग नाही, गाभा कच्चाच राहतो आणि दाताखाली कचकचतो. तेच कण भाजून झाल्यावर भोवतीचा ओलावा ओढत राहतात, त्यामुळे बातिका दुसऱ्याच दिवशी कोरडी लागते. लोक ओव्हनला दोष देतात.

रवा भिजला, हे झालं. पण वायूचं काय?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. 5 ग्रॅम सोड्याला पुरेसं आम्ल मिळालं तर खोलीच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू निघतो. म्हणूनच चिमटीने घालायची ही वस्तू आहे, आणि म्हणूनच आम्ल कमी पडलं की उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव जिभेवर येते. हॉटेलातल्या गोड बन्सना (केळ्याच्या तळलेल्या फुगीर पुऱ्यांना) दही आणि पिकलेलं केळं आम्ल पुरवतं. बातिकेत आंबट असं काहीच नसतं, त्यामुळे तिथे नुसता सोडा घालणं मला पटत नाही. बेकिंग पावडरमध्ये सोडा, त्याला पुरेल एवढं कोरडं आम्ल आणि दोघांना कोरडं ठेवणारा स्टार्च, असे तिघे एकत्र असतात. तिच्या 5 ग्रॅममधून तीनशे-चारशे मिलिलिटर वायू मिळतो आणि एका बातिकेला तो पुष्कळ होतो.

ही पावडर आपल्या हातात आली ती एका बायकोच्या प्रकृतीमुळे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं, म्हणून 1843 मध्ये त्याने यीस्टशिवाय पाव फुगवायची पूड तयार केली. अंडीही तिला चालत नव्हती आणि त्यावरचा त्याचा तोडगा म्हणजे अंड्यांविना कस्टर्ड पावडर. जगभरच्या गृहिणींनी बर्डबाईंचे आभार मानायला हरकत नाही.

गोव्यात फुगवण्याचं काम त्याआधी शतकानुशतकं माडाची सूर, म्हणजे माडी, करत आली. पोदेर (पाववाले) पावाचं पीठ सुरेने आंबवायचे, सान्नांचं, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचं, तांदळाचं वाटण आजही कित्येक घरांत सुरेनेच फुगतं. सुरेतलं नैसर्गिक यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मग बातिकेत सूर का नको? एक तर बातिकेत साखर इतकी असते की तिच्या ओढीने यीस्टच्या पेशींतलं पाणीच बाहेर खेचलं जातं आणि त्यांचं काम मंदावतं. दुसरं, यीस्टचा वायू हळूहळू येतो, त्याला तासन्‌तास धरून ठेवायला मळलेल्या मैद्यातली ग्लूटेनची लवचीक जाळी लागते. बातिकेत ती जाळी बनतच नाही. रवा मळला जात नाही, बटर मध्ये येतं, खोबऱ्याचे तंतू उरलंसुरलं तोडतात. इथे वायू उशिरा आणि एकदम यायला हवा, म्हणजे भोवतालचं मिश्रण घट्ट होत असतानाच.

बाजारातल्या बऱ्याच बेकिंग पावडरी दुहेरी क्रियेच्या असतात. त्यातलं एक आम्ल पाणी लागताच कामाला लागतं, दुसरं तापल्यावर. रात्री पावडर घातली तर पहिला हप्ता सकाळपर्यंत बराचसा वाया जातो, दुसरा शिल्लक राहतो. एकेरी क्रियेची असेल तर सकाळी हाती फार काही लागत नाही. म्हणून ज्या घरांत रात्री फक्त रवा, नारळ, साखर, बटर आणि अंड्यांचे बलक कालवून ठेवतात आणि बेकिंग पावडर व फेटलेले पांढरे सकाळी घालतात, त्यांची रीत मला सर्वांत पक्की वाटते. रात्र रव्याची, सकाळ वायूची.

पांढरे सकाळीच फेटण्यामागे आणखी एक कारण आहे. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही, असलेले फुगवते. ते मुळातले बारीक बुडबुडे बटर-साखर फेटताना आणि अंडी फेसताना आत जातात. रात्रभरात लहान बुडबुड्यांतली हवा मोठ्यांत शिरते, काही वर येऊन फुटतात. सकाळचे पांढरे ही तूट भरून काढतात. बटर फेटायला मात्र पहाट किंवा रात्र बरी. डिसेंबरातही गोव्यात दुपारी पारा 32 अंशांवर जातो, त्या तापमानाला बटर वितळायच्या बेतात असतं आणि वितळलेलं बटर हवा धरत नाही. रात्री 20-21 अंशांवर ते हवं तसं मऊ पण घट्ट राहतं.

डब्याचीही एक गोष्ट. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघडलेली बेकिंग पावडर डब्यातच ओलावा घेते आणि हळूहळू तिथल्या तिथे संपते. नाताळच्या सामानाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाण्याआधी एक चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघावी. जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर तीही यादीत लिहावी.

170-180 अंशांच्या ओव्हनमध्ये पुढचं सगळं भराभर होतं. बटर वितळतं, वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ बुडबुड्यांत शिरते, मग अंड्यांतली प्रथिनं गोठतात, स्टार्च फुगतो आणि बुडबुडे जागच्या जागी अडकतात. मधला भाग पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही, म्हणून तो पांढुरका राहतो. कडा आणि वरच्या पिठाच्या पट्ट्यांची जाळी कोरडी होऊन 140 अंशांच्या वर जाते आणि तिथे साखर व प्रथिनांची ती प्रसिद्ध क्रिया होते, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी 1912 मध्ये केलं. भाजलेल्या खोबऱ्याचा तो वास बराचसा तिचाच.

उरलेली बातिका ठेवायची कशी, यावर घरोघरी वाद असतात. ओला नारळ असल्याने आपल्या हवेत ती बाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवण्यात अर्थ नाही. फ्रिजमध्ये बुरशी लांबते, पण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत जुळू लागतात, बटर आणि खोबऱ्यातलं तेल गोठतं आणि काप विटेसारखा घट्ट होतो. हे दोन्ही बदल उष्णतेने बहुतांशी उलटतात. झाकण ठेवून मंद आचेवर तव्यावर चार-पाच मिनिटं गरम केलेला काप पुन्हा मऊ होतो. एकदा गरम केलेला मात्र तेव्हाच संपवावा, कारण गार झाल्यावर तो आधीपेक्षा कोरडा लागतो.