सौरज्वाला वेगळी, सौरवादळ वेगळं

"आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, सूर्यावरून घातक किरण येत आहेत." आमच्या घरच्या ग्रुपवर मामा वर्षातून एकदा तरी हा फॉरवर्ड टाकतातच. गंमत अशी की रात्री सूर्य आणि आपल्यामध्ये अख्खी पृथ्वी आडवी असते. किरण येणार कुठून? पण मामांना तरी काय बोल लावायचा! सूर्यावर काहीही झालं की सरसकट 'सौरवादळ' म्हणायची पद्धत आहे, आणि त्या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

सौरज्वाला म्हणजे निव्वळ प्रारण: क्ष-किरण, अतिनील किरण. आठेक मिनिटांत इथे हजर. आधी इशारा द्यायची सोयच नाही, कारण ज्वाला भडकल्याची खबर आणि त्रास देणारे किरण एकदमच पोचतात. फटका बसतो तो दिवस असलेल्या बाजूच्या शॉर्टवेव्ह रेडिओला. आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर एकाएकी दाट होतो आणि एरवी वरून परतणाऱ्या लहरी गिळून टाकतो. ६ सप्टेंबर २०१७ ला एक्स ९.३ ज्वाला (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) भडकली, तेव्हा कॅरिबियन बेटं इर्मा चक्रीवादळाशी झुंजत होती आणि नेमका आणीबाणीचा रेडिओच काही तास विस्कळीत झाला. मोबाईलचं मात्र यात फारसं काही बिघडत नाही.

सीएमई, म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, हा खराखुरा माल असतो. अब्जावधी टन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन निघालेला. यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि पुष्कळदा पार्सल भलत्याच पत्त्यावर जातं. आपल्याकडे आलं तरी त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे आहे का, यावर सगळं ठरतं. असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि भूचुंबकीय वादळ उठतं. मग दिवस काय, रात्र काय!

क्षेत्र हेलकावू लागलं की लांबच लांब विजेच्या तारांत नको असलेला प्रवाह वाहू लागतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकचं ग्रीड असंच जेमतेम दीड मिनिटात कोसळलं. साठ लाख लोक नऊ तास अंधारात. तिथल्या खडकातून वीज सहजी वाहत नाही, म्हणून सगळा भार तारांवर आला. फेब्रुवारी २०२२ चं वादळ तर किरकोळ होतं. तरी तापून फुगलेल्या वातावरणाच्या ओढीने स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले जवळपास ४० उपग्रह गेले.

ज्वाला आणि सीएमई पुष्कळदा जोडीने येतात, गोंधळ तिथलाच. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यडागांवर लखलखाट पाहिला. वादळ थडकलं ते सुमारे साडेसतरा तासांनी. तारयंत्रं ठिणग्या टाकू लागली आणि मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही कुलाब्याचे ते आकडे काढून बसतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं. ते तिथे अजून चालू आहे.