बूस्ट वाढवण्याआधी पेट्रोलचा हिशेब

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने 'जेटफायर' नावाची गाडी बाजारात आणली. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, त्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, आणि बॉनेटखाली एक जादा टाकी. या टाकीत मालकाने पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरत राहायचं होतं. टर्बो जोरात चालू लागला की ते आत जाणाऱ्या हवेत फवारलं जाई. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, रोखून धरी. इंजिन वाचे, पण गाडीतला दम जाई. बरेच मालक टाकी भरायला विसरले आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रारी करू लागले. शेवटी कंपनीने अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

टर्बो घेऊन विक्रीला आलेल्या पहिल्या मोटारींपैकी ही एक. टर्बोवाली गाडी ट्यून करताना, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाची जुळणी बदलताना, आजही जी अडचण येते, ती तिच्यात पहिल्या दिवसापासून होती. इंजिनात हवा कोंबणं सोपं आहे. त्या हवेला पुरेल इतकं इंधन देणं आणि ते वेळेआधी पेटू न देणं, खरं काम तिथे आहे.

टर्बोची रचना थोडक्यात अशी. एक्झॉस्टच्या तप्त वायूंनी टर्बाइन फिरतं, आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतो. बाहेरच्या हवेपेक्षा जितका दाब जास्त, तितका बूस्ट. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो, म्हणून १ बार बूस्ट म्हणजे इंजिनाला दुप्पट दाबाची हवा. पण दुप्पट दाब म्हणजे दुप्पट हवा नव्हे. २७ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबाला नेली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येसुद्धा ती ९३ अंशांवर पोचते. खऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १२० अंशांच्या आसपास. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे वजनाने पाहिलं तर पदरात पडते जेमतेम दीडपट. तीच हवा इंटरकूलरमधून ४५ अंशांपर्यंत थंड करून घेतली तर सुमारे १.९ पट. नवा मोठा टर्बो बसवणाऱ्याने जुन्या चिमुकल्या इंटरकूलरकडे आधी पाहावं ते यासाठी.

आता इंधन. ट्यूनिंगच्या गप्पांमध्ये बूस्टचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पंपाचं नाव कोणी काढत नाही. माझ्या मते हिशेब पंपापासूनच मांडायला हवा. पेट्रोलवर चालणारं टर्बो इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे ताशी साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. ३०० अश्वशक्ती हव्या असतील, तर ताशी ८१ किलो, म्हणजे ११० लिटरच्या आसपास. चार सिलिंडर असतील तर प्रत्येक इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या तोटीच्या) वाट्याला मिनिटाला सुमारे ४५५ मिलिलिटर येतात.

पण इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर एक फेरी १० मिलिसेकंदांत होते, आणि चार स्ट्रोकचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत. इंजेक्टरला जे काही फवारायचं ते एवढ्यातच. त्याला उघडायला आणि मिटायलाही वेळ लागतो, म्हणून या वेळेच्या ८५ टक्क्यांच्या पुढे त्याला राबवू नये असा पाळला जाणारा दंडक आहे. मग ४५५ पुरत नाहीत, ५३५ मिलिलिटरच्या पुढचा इंजेक्टर लागतो. फार मोठा घेतला तरी पंचाईत. आयडलिंगला इतकं थोडं इंधन लागतं की मोठा इंजेक्टर ते नेमकं मोजून देऊ शकत नाही, आणि गाडी सिग्नलला उभी असताना गचके देते.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सिलिंडरबाहेर, इनटेकच्या तोंडाशी फवारणाऱ्या इंजेक्टरमधून किती इंधन येईल, हे त्याच्या दोन्ही टोकांच्या दाबांतल्या फरकावर ठरतं, आणि ते त्या फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतं. फ्युएल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत, ३ बार दाब आहे आणि इंजेक्टरच्या तोंडाशी बूस्टने १ बार उलटा दाब दिला, तर फरक उरतो २ बार. प्रवाह १८ टक्क्यांनी घटतो, तोही नेमका इंजिनाला सर्वांत जास्त इंधन हवं असताना. म्हणून रेलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डमधून एक नळी जोडतात. बूस्ट जितका चढेल तितकाच रेलचा दाबही चढतो आणि फरक ३ बारवर टिकतो. आता बोजा पंपावर आला. त्याला ४ बारच्या विरुद्ध इंधन ढकलायचं आहे, आणि दाब वाढला की प्रत्येक पंपाचा प्रवाह कमी होतो. वायरिंग बारीक असेल, पंपापर्यंत व्होल्टेज कमी पोचत असेल, तर आणखी कमी. खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजलाय, हे विचारल्याशिवाय पंप घेऊ नये.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. टर्बो इंजिनावर पूर्ण जोर असताना मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे जादा इंधनाचं, ठेवतात, लॅम्डा ०.८ च्या आसपास, म्हणजे साधारण १२ भाग हवेला एक भाग पेट्रोल. जादा पेट्रोलाला जळायला ऑक्सिजन मिळत नाही. पण त्याची वाफ होताना ते आतली उष्णता शोषतं. जेटफायरमधलं पाणी आणि मिथेनॉल हेच काम करत होतं. मिश्रण मोजायला एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवतात. तो सगळ्या सिलिंडरांची सरासरी सांगतो, एवढं ध्यानात ठेवावं. तीन सिलिंडर रिच आणि कचरा अडकलेल्या इंजेक्टरचा एक लीन (इंधन कमी पडलेला) असेल, तर आकडा चांगला दिसतो आणि चौथा पिस्टन भाजून निघतो.

या सगळ्या काळजीमागे भीती आहे ती नॉकची. स्पार्क पडल्यावर ज्योत प्लगपासून पसरत जाते. पुढचं न जळलेलं मिश्रण तिच्या रेट्याने दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचण्याआधीच एकदम पेट घेतं. सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा घुमू लागतात. ८६ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्यांची कंपनसंख्या सेकंदाला साडेसहा हजारांच्या आसपास असते, आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा नॉक सेन्सर याच सुरावर कान लावून असतो. पिस्टनच्या माथ्याला चिकटून असलेला तुलनेने थंड वायूचा थर या लाटांनी निघून जातो, धातू उघडा पडतो, रिंगांमधले कंगोरे तुटतात. नॉक दिसला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्पार्क उशिरा टाकतो. उपाय चालतो, पण फुकट नाही: ज्वलन उशिरा संपतं, एक्झॉस्ट अधिक तापतं, आणि ती उष्णता टर्बाइनला सोसावी लागते.

म्हणून जाणता ट्यूनर बूस्ट शेवटी वाढवतो. वेस्टगेट ही जादा एक्झॉस्टला टर्बाइन चुकवून बाहेर सोडणारी, बूस्टच्याच दाबाने उघडणारी झडप. तिच्या स्प्रिंगवर जेवढा बूस्ट मिळतो तेवढ्यावरच पहिले रन घ्यायचे, इंधनाचा मॅप (केव्हा किती इंधन द्यायचं याचा तक्ता) भरायचा, टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे ठेवायचं. मग वेस्टगेटला जाणारी हवा सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या झडपेने) थोडी थोडी अडवत ०.१ बारच्या पायऱ्यांनी वर चढायचं, आणि प्रत्येक पायरीवर लॅम्डा, नॉक, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इंजेक्टरचा वापर हे सगळं पाहायचं. वेस्टगेटला ही हवा नेणारी नळी निसटली तर झडप उघडतच नाही आणि बूस्ट सुटत जातो. ठरावीक दाबाच्या वर इंजिनाचं इंधन तोडणारी मर्यादा ईसीयूत आधीच लिहून ठेवलेली असावी.

इंधन बदललं की गणितं बदलतात. ८५ टक्के इथेनॉल असलेल्या ई-८५ चं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण १४.७ ऐवजी ९.८ च्या आसपास आहे; म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट इंधन. नॉकला ते दाद देत नाही आणि वाफ होताना खूप उष्णता ओढून घेतं, म्हणून ट्यूनर त्याच्यावर फिदा असतात. पण पंप आणि इंजेक्टर दोन्ही मोठे घ्यावे लागतात. १९८८ च्या फॉर्म्युला वनमध्ये टर्बोवाल्यांना दोन्हीकडून बांधून टाकलं होतं: दाब निरपेक्ष (बाहेरच्या हवेचा दाब धरून) २.५ बारपर्यंत आणि शर्यतीला इंधन १५० लिटर. मॅक्लारेन-होंडाने तरीही १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. होंडाचं इंधन ८४ टक्के टोल्युइन होतं. टोल्युइन नॉक चांगलं रोखतं, पण त्याची वाफ सहज होत नाही, म्हणून सगळे हवा आणि इंधन गार करायला धडपडत असताना होंडाचे इंजिनिअर इंधन मुद्दाम गरम करून देत होते.

शेवटची मर्यादा टर्बोची स्वतःची. प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा असतो: किती हवा, किती पटीने दाबताना, किती कार्यक्षमतेने. इथे पट महत्त्वाची, बूस्टचा आकडा नव्हे. समुद्रसपाटीला निरपेक्ष २ बार मिळवायला दुपटीचं काम पडतं; हवेचा दाब ०.८ बार असलेल्या उंच घाटात तेच २ बार द्यायला अडीचपट दाबावं लागतं. टर्बो अधिक वेगाने फिरतो, हवा अधिक तापते. नकाशाच्या उजव्या कडेला पोचल्यावर, म्हणजे टर्बोची हवा देण्याची हद्द संपल्यावर, बूस्ट ०.१ बारने वाढवला, तर गेजचा काटा वर जातो, इनटेकचं तापमान चढतं आणि डायनोवरची (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची) टॉर्कची रेघ होती तिथेच राहते. अशा वेळी बूस्ट परत एक पायरी खाली आणायचा आणि तो मॅप सेव्ह करायचा.