रानपिंगळ्याचं जंगल: ढोली, विरळणी आणि पुकारा

सातपुड्यातल्या सागाच्या रानात भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकणारं छोटं घुबड दिसलं, तर तो रानपिंगळा असू शकतो. आकार गावातल्या पिंगळ्याएवढाच, साधारण 23 सेंटिमीटर. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. छातीवर सलग तपकिरी पट्टा, पोटाचा मधला भाग पांढरा, पंख-शेपटीवर रुंद पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. हा पक्षी भारताबाहेर कुठेच सापडत नाही. म्हणून तो प्रदेशनिष्ठ.

ब्रिटिशकालीन पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूमने 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं. 1884 नंतर खात्रीचा एकही नमुना (संग्रहासाठी कातडं भरून ठेवलेला पक्षी) मिळाला नाही. मधल्या काळात गुजरातमधल्या मांडवीची 1914 ची एक ‘नोंद’ ग्राह्य धरली जात होती. पुढे उघड झालं की रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाद करून खऱ्या जागा पडताळल्यावर, नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा दिसला. नोंदीसोबत ठिकाण, तारीख आणि पुरावा का मागतात, हे एवढ्यावरून कळावं.

2018 मध्ये आययूसीएनने (जीवांच्या धोक्याची यादी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) त्याला ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ श्रेणीत आणलं. याचा अर्थ पक्षी वाढले असा घेऊ नये. मेळघाट, यावल, 2014 मध्ये तानसा अशा ठिकाणी तो सापडत गेल्याने आपली माहिती वाढली. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच आहे.

आता अधिवास. हा शब्द सरसकट ‘जंगल’ म्हणून वापरला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. रानपिंगळ्याला लागते विरळ पानगळीची झाडी, खाली सरडे, उंदीर, नाकतोडे दिसतील अशी मोकळी जमीन आणि ढोली असलेली जुनी झाडं. दाट लागवड केलेलं हिरवंगार सागवन उपग्रहाच्या चित्रात जंगलच दिसतं, पण त्यात ढोली नसेल तर विणीच्या दृष्टीने ते रिकामं.

तो ‘दुय्यम ढोलीवासी’ आहे, म्हणजे स्वतः ढोली कोरू शकत नाही. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, गाभ्याचं लाकूड कुजतं किंवा सुतार-तांबट भोक पाडतात. या सगळ्याला वर्षानुवर्षं लागतात. घरटी बहुधा 5 ते 8 मीटर उंचीवर असतात, अंडी बहुतेकदा दोन. त्याच ढोलीवर पोपट, साळुंकी आणि साधा पिंगळाही टपलेले असतात. घोरपड पिल्लं खाते ते वेगळंच.

वनखात्याच्या विरळणीत, म्हणजे उरलेली झाडं वाढावीत म्हणून काही झाडं तोडताना, मात्र वाकडी, किडकी, वाळलेली झाडं आधी छापली जातात, म्हणजे तोडीसाठी खूण केली जातात. सागाच्या वाढीसाठी ते बरोबरच आहे, घुबडासाठी नेमकं उलट. त्यामुळे छाप पाडण्याआधी झाडाला चारही बाजूंनी फेरी मारून दुर्बिणीने भोकं पाहावीत, ढोलीच्या झाडाला वेगळ्या रंगाचा पट्टा मारावा आणि त्याला हात लावू नये. त्याच्या शेजारची काही धडधाकट मोठी झाडंही राखावी लागतात, नाहीतर हे पडल्यावर पुढची ढोली येणार कुठून?

वणव्याचंही तसंच. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि तो हंगाम रानपिंगळ्याच्या विणीतच येतो. बुंध्याशी पोकळ असलेलं झाड धुराड्यासारखं आतून जळतं. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढताना अशा झाडांभोवतीचा पाचोळाही हाताने ओढून घेतला तर झाड वाचतं. शेताच्या कडेला ब्रोमाडिओलोन हे उंदीरनाशक खाल्लेला सुस्त उंदीर त्याला सहज सापडतो. ते विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं आणि खाणाऱ्यात उतरतं. यालाच दुय्यम विषबाधा म्हणतात.

मोजणीसाठी ध्वनिमुद्रित पुकारा वाजवतात. बाकीच्या घुबडांसाठी रात्र, याच्यासाठी सकाळ. आवाज मध्यम ठेवून दोन-तीन मिनिटं वाजवायचा, मग शांत उभं राहून ऐकायचं. उत्तर आलं की लगेच बंद. वाजवत राहिलं तर नर शिकार सोडून हद्द राखत बसतो आणि ढोलीतली मादी बाहेर येते, म्हणून माहीत असलेल्या घरट्याजवळ विणीत पुकारा लावूच नये. उत्तर न येणं म्हणजे पक्षी नसणंही नव्हे. वारा असेल, मादी अंड्यांवर असेल, किंवा शेजारच्या जोडीच्या धाकाने तो गप्प असेल. त्याच बिंदूवर वेगवेगळ्या दिवशी परत जावं लागतं, आणि दर खेपेला वेळ, वारा, अक्षांश-रेखांश व किती मिनिटं ऐकलं हे ‘आढळ नाही’च्या रकान्यासमोरही लिहावं लागतं.