यानब्यान संग्रहालय

ईशान्य चीनच्या जीलिन प्रांतातील यानब्यान कोरियन स्वायत्त प्रभागाचे इतिहास व लोकजीवनविषयक संग्रहालय. प्रभागाचे मुख्य ठिकाण असलेल्या यानजी शहरात १९६० मध्ये त्याची स्थापना झाली. सध्याची प्रशस्त इमारत एकविसाव्या शतकातील आहे. पुरातत्त्वीय अवशेष, चीनमधील कोरियन अल्पसंख्याकांचे लोकजीवन आणि जपानविरोधी लढ्याचा इतिहास हे संग्रहाचे प्रमुख भाग होत.

या अल्पसंख्याकांच्या वसाहतीचा प्रारंभ कधी मानावा, याविषयी एकमत नाही. काही चिनी अभ्यासक तो मिंग राजवटीच्या अखेरीपर्यंत (सतरावे शतक) मागे नेतात. हपै व ल्याओनिंग प्रांतांत ‘पाक’ आडनावाची काही जुनी गावे आहेत, हा त्यांचा मुख्य आधार. तथापि या गावांतील लोकांची भाषा व चालीरीती फार पूर्वीच लोपल्या होत्या आणि यानब्यानमधील वस्तीशी त्यांचा अखंड संबंध दाखविता येत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाचा मध्य हा प्रारंभकाल मानणे अधिक ग्राह्य वाटते. चीनवर राज्य करणाऱ्या मांचू वंशीय चिंग दरबाराने मांचूंच्या मूलभूमीत वसाहतीस बंदी घातली होती. तरीही १८६० नंतरच्या दशकात, विशेषतः १८६९ च्या सुमारास, कोरियातील उत्तर हामग्याँगमधील दुष्काळाने पोळलेली शेतकरी कुटुंबे तुमेन नदी ओलांडून आली. १८८० नंतर बंदी शिथिल झाली. या थंड प्रदेशात भातशेती रुजविण्याचे श्रेय मुख्यतः या शेतकऱ्यांकडे जाते. तुमेन ही सीमा १९०९ च्या चीन-जपान कराराने मान्य झाली. त्या करारात कोरियाला स्थान नव्हते.

संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू, राजकन्या जाँगह्यो हिचा शिलालेख, मात्र या स्थलांतराच्या हजारएक वर्षे आधीची आहे. बोहाय (कोरियन : पाल्हे, ६९८–९२६) राज्याचा राजा मुन याची चौथी कन्या जाँगह्यो ७९२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारली. तिचे थडगे १९८० मध्ये हलुंगजवळ सापडले. त्यातील शिलालेख ७२८ चिनी अक्षरांचा, अलंकृत समांतर गद्यातील (जोडीजोडीने येणाऱ्या सममित वाक्यांच्या चिनी शैलीतील) आहे. तिची थोरली बहीण जाँगह्ये हिचा शिलालेख १९४९ मध्ये द्वुनह्वाजवळ मिळाला होता. दोन्हींचा मजकूर बराचसा सारखा आहे. बोहायची स्वतःची कालगणना त्यात येते व राजाचा उल्लेख सम्राटाला साजेशा पदवीने होतो. हे राज्य कोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याचे वारस होते, असे कोरियन संशोधक मानतात. चिनी संशोधक त्याला चीनच्या थांग साम्राज्यांतर्गत मोहे या ईशान्येकडील जमातीच्या लोकांची स्थानिक सत्ता म्हणतात. थडग्याची रचना दोन्ही बाजूंना पुरावा पुरविते : विटांच्या भिंती थांग धाटणीच्या, तर एकेक थर पुढे काढून मिटवलेले दगडी छत कोगुर्यो परंपरेतले. आतील भित्तिचित्रांत १२ व्यक्ती आहेत. केवळ या अवशेषांवरून बोहायची प्रजा आणि आजचा कोरियन समाज यांत थेट वंशसातत्य मानणे सयुक्तिक ठरत नाही.

लोकजीवन विभागात शेतीची अवजारे, पोशाख, जमिनीखालून ऊब खेळविणारे ओंडोल घर, तसेच पहिला वाढदिवस, विवाह व साठीशांत यांसारख्या विधींचे दर्शन घडते. लढ्याच्या इतिहासात लुंगजिंग येथील १३ मार्च १९१९ चे कोरियन स्वातंत्र्यासाठीचे निदर्शन आणि कोरियन स्वातंत्र्यसैनिक व जपानी सैन्य यांच्यातील १९२० ची छिंगशानलीची लढाई या महत्त्वाच्या घटना होत. स्वायत्त प्रदेश ३ सप्टेंबर १९५२ रोजी स्थापन झाला. १९५५ मध्ये त्याला प्रभागाचा दर्जा मिळाला. त्या वेळी बहुसंख्य असलेले कोरियन आता तेथील लोकसंख्येच्या जेमतेम एक-तृतीयांश उरले आहेत. घटता जन्मदर आणि १९९२ मध्ये चीन-दक्षिण कोरिया संबंध प्रस्थापित झाल्यावर रोजगारासाठी झालेले स्थलांतर ही त्याची मुख्य कारणे होत.